आरंभशूर कोण म्हणालं तुम्हाला?

ताई,

माझं वय ४४. साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. घरी सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. गेल्या पाच वर्षांत सहा वेळा योगासनं सुरू केली आणि सहाही वेळा सोडली. मोबाइलवर बघून करते, रोज वेगळा व्हिडिओ. यंदा रथसप्तमीला सोसायटीतल्या बायकांबरोबर १०८ सूर्यनमस्कार घालायचे ठरवले. ६० पर्यंत गेले. नंतर उजवं मनगट आणि कंबर जी धरली ती तीन आठवडे. मिस्टर म्हणतात, तू आरंभशूर. पाळीत चार दिवस खंड पडतो आणि त्याचे पंधरा कधी होतात कळत नाही (हल्ली पाळी आठ-दहा दिवस चालते, खूप जातं, पण आता वयच झालं). सासूबाई म्हणतात त्या दिवसांत काही करू नकोस, व्हिडिओतली मुलगी म्हणते सगळं करा. मला नीट क्रम सांगा. काय करायचं, किती करायचं आणि वाढवायचं कधी? शीर्षासन यावं अशी शाळेपासूनची इच्छा आहे.

– एक आरंभशूर, सातारा

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात लिहिली आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. आठ-दहा दिवस चालणारी आणि खूप जाणारी पाळी हे ‘वयच झालं’ म्हणून सोडून द्यायचं दुखणं नव्हे. चाळिशीनंतर पाळीचं चक्र बदलतं हे खरं, पण गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड अशी कारणंही त्यामागे असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, सोनोग्राफी सांगितली तर तीही करा. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. तो अंगात असताना कोणी कितीही सुंदर क्रम आखून दिला तरी दहाव्या दिवशी धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आपल्याला वाटतं की आपणच आळशी. तुम्ही सहा वेळा सोडलंत त्यातल्या निदान दोन वेळा तरी अंगात रक्तच कमी असेल, अशी मला दाट शंका आहे.

शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. वर्गात येणाऱ्या बाईला मी पहिल्या दिवशी आसन दाखवत नाही, आधी रिपोर्ट विचारते. काही जणींना राग येतो. येऊ दे.

आता रथसप्तमी. बारा स्थितींच्या एका नमस्कारात चार स्थिती अशा असतात की अंगाचा भार तळहातांवर येतो. ६० नमस्कार म्हणजे २४० वेळा तुमच्या मनगटानं तो भार पेलला, आणि १२० वेळा तुम्ही कंबरेतून पुढे वाकलात. आदल्या दिवशीपर्यंत यातलं काहीच नियमानं होत नव्हतं. मनगट आणि कंबर धरली नसती तरच नवल. तुमच्याच जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा केवढा प्रसार केला! पण त्यांनी संस्थानातल्या शाळांत तो रोजचा व्यायाम म्हणून आणला. लहानपणापासून रोज थोडे थोडे घालणाऱ्या मुलाचं शरीर आणि वर्षातून एकदा १०८ घालायला निघालेलं आपलं शरीर, यांची तुलनाच होत नाही.

याला आरंभशूरपणा म्हणणं मला पटत नाही. आरंभशूर माणूस सोडून देतो आणि विसरतो. तुम्ही सहा वेळा परत आलात. चिकाटी तुमच्यात आहे, क्रम मात्र तुम्हाला कोणी दिलाच नाही. रोज वेगळा व्हिडिओ म्हणजे रोज वेगळ्या शाळेत पहिलीच्या वर्गात बसणं. दुसरीत जायचं कसं?

क्रम ही किती मोठी गोष्ट आहे ते बघा. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले. १९६६ साली त्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या शेवटी त्यांनी साधकासाठी ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम दिला आहे. ३०० आठवडे म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी पुढे स्त्रियांच्या साधनेवर आयुष्यभर काम केलं. पाळीत काय, गरोदरपणात काय, पाळी जाताना काय, हे त्यांनी आसनागणिक बसवून दिलं. २०१८ साली त्या गेल्या, पण आज पुण्यात कुठल्याही जाणत्या शिक्षिकेच्या वर्गात जा, लोड-चादरी-खुर्च्यांच्या त्या मांडणीत त्यांचं काम दिसतं. बाईचं शरीर महिनाभर एकसारखं नसतं हे त्यांनी अडचण म्हणून मांडलं नाही, अभ्यासाची सुरुवातच तिथून केली.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की आठवडे मोजू नका, बैठका मोजा. स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच. सिलिंडर कधी लावला ते जिथे लिहिता तिथेच, ज्या दिवशी आसनं केली त्या तारखेवर एक ठिपका. महिन्याला १६ ठिपके पुरेत. पाहुणे आले, मुलाची परीक्षा आली, मार्चअखेर आली, तर ठिपके लांबतील. पुसले जाणार नाहीत. आजवर खंड पडला की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतात. आता अकरावी बैठक झाली असेल आणि मध्ये नऊ दिवस गेले, तर पुढची बारावी. त्या दिवशी फक्त प्रत्येक आसनातला वेळ थोडा कमी ठेवा.

वेळ सकाळचाच हवा हा आग्रह सोडा. सकाळी तुमच्याकडे दूध, डबे, पाणी आहे, आणि रात्रभराचं अंग आखडलेलंही असतं. संस्थेतून आलात, हातपाय धुतले, की स्वयंपाकाला लागण्याआधीची वीस मिनिटं घ्या. दुपारच्या जेवणाला तोवर चार-पाच तास झालेले असतात. चहा नंतर.

सामान विकत आणायची गरज नाही. एक लोड, दोन जाड चादरी, पाठ नसेल तरी चालेल अशी भक्कम खुर्ची, एक मोकळी भिंत. ठोकळा हवा असेल तर जुन्या दिवाळी अंकांचा वीतभर उंच गठ्ठा सुतळीनं करकचून बांधा, उत्तम होतो. उभ्यानं करायची आसनं सतरंजीवर करू नका, ती फरशीवर सरकते. सरळ अनवाणी फरशीवर उभ्या राहा.

पहिल्या २४ बैठकांसाठी मी तुम्हाला सहाच आसनं देते. ताडासन, ओट्याला धरून अर्धं उत्तानासन, त्रिकोणासन, कोपरांवरचं भुजंगासन (पालथं पडून छाती उचलायची), सेतुबंध (उताणं पडून, गुडघे दुमडून कंबर उचलायची) आणि शवासन. याच क्रमानं, वीस मिनिटं, आणि २४ बैठका होईपर्यंत यात काहीही घालायचं नाही. कंटाळा येईल. साधारण आठव्या-नवव्या बैठकीला येतो. तो आला की समजा, आता डोळा आत वळायला लागेल.

ताडासनात काय बघायचं ते सांगते, कारण ‘नुसतं उभं तर राहायचं’ म्हणून सगळ्या जणी ते उरकतात. आधी घरातल्या रोजच्या चपला उलट्या करा आणि टाचेकडे बघा. बहुतेकींची एक टाच बाहेरच्या बाजूनं जास्त झिजलेली असते. पोळ्या लाटताना आपण एका पायावर भार देतो, दुसरा गुडघा सैल सोडतो, खुबा एका बाजूला लोंबतो. वीस वर्षं रोज तासभर हेच. तीच सवय घेऊन आपण त्रिकोणासनात वाकतो आणि मग कंबर धरते. म्हणून भिंतीपासून चार बोटं पुढे, भिंतीकडे पाठ करून उभ्या राहा. पावलं जवळ. दोन्ही टाचांच्या आतली कड आणि बाहेरची कड, चारही ठिकाणी सारखा भार येतो का बघा. येत नसेल, येणारच नाही पहिल्यांदा, तर जी कड हलकी आहे ती जमिनीत दाबा. दाबलीत की गुडघ्याची वाटी आपोआप वर खेचली जाते, मांडी घट्ट होते, खुबा जागेवर येतो. पोट आत ओढायला वेगळं सांगावं लागत नाही. एक मिनिट. मग पाय झटका आणि पुन्हा एक मिनिट. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना हेच आठवलं, तर ती बैठक मी दोनदा मोजेन!

ओट्याच्या कडेवर तळहात ठेवून मागे मागे जा, पाठ आणि हात एका रेषेत येईपर्यंत. पाय ओट्याकडे तोंड करून सरळ उभे. मनगटावर भार न टाकता खांदे आणि पाठ यात मोकळी होतात, तुमच्या मनगटाला सध्या हेच सोसेल. त्रिकोणासन भिंतीला पाठ लावून, खालचा हात जमिनीवर नको, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर किंवा खुर्चीवर. दोन्ही बाजूंना तीस-तीस सेकंद, दोन वेळा. भुजंगासनात कोपरं टेकलेलीच ठेवा, पाच शांत श्वास, तीन वेळा. सेतुबंधही तसंच, पाच श्वास, तीन वेळा. आणि शवासन पाच मिनिटं, पायाखाली लोड घेऊन. शवासन गाळून कुकर लावायला उठू नका, एवढी माझी विनंती.

वाढवायचं कधी, हा तुमचा खरा प्रश्न. माझ्या तीन खुणा आहेत. आसनात असताना पाच श्वास नाकानं, न अडखळता घेता येतात का? जबडा सैल आहे का? आणि दुसऱ्या दिवशी कुठला सांधा दुखतो का? स्नायू दुखला, मांडी भरून आली, तर ते दोन दिवसांत जातं, त्याची भीती नको. सांध्यात कळ आली, किंवा कंबरेतून पायात मुंग्या-कळ उतरली, तर थांबायचं आणि दाखवायचं. सलग चार बैठका तिन्ही खुणा चांगल्या असतील तर एक पाऊल पुढे. पण एका वेळी एकच. आसनातला वेळ तीसवरून पंचेचाळीस सेकंद करायचा किंवा आधार कमी करायचा. दोन्ही एकाच दिवशी नाही. मुली व्हिडिओत ‘आणखी थोडं, आणखी थोडं’ म्हणतात, त्यांना तुमचा जबडा दिसत नसतो.

पंचविसाव्या बैठकीपासून पंचाहत्तराव्यापर्यंत दुसरा टप्पा. वेळ अर्धा तास. यात वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार, पार्श्वकोनासन, उत्कटासन, शलभासन आणि भिंतीजवळ वृक्षासन घाला. हा टप्पा ताकदीचा आहे. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात, मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू उतरतात, तोल जायला लागतो. पडून खुबा मोडलेल्या आज्या आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत. म्हणून या वयात लवचिकपणापेक्षा मला बळ आणि तोल जास्त मोलाचे वाटतात. डोकं गुडघ्याला लागलं नाही तर काही बिघडत नाही, पण एका पायावर वीस सेकंद उभं राहता आलंच पाहिजे. भराभर चालणं आणि थोडं वजन उचलणं हेही चालू ठेवा, योगासनं करते म्हणून त्याची गरज नाही असं समजू नका. मनगट पूर्ण बरं असेल तर याच टप्प्यात, पन्नासाव्या बैठकीनंतर, सूर्यनमस्कार. दोन. गुडघे टेकवून, सावकाश. दर पाच बैठकांनी एक वाढवा आणि बारापाशी थांबा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण या वयाच्या बायका मला वर्ग संपल्यावर दाराशी गाठून हळूच सांगतात. शिंकलं, खोकलं, उडी मारली की थेंब-दोन थेंब लघवी होते. बाळंतपणांनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावलेले असतात. सेतुबंधात श्वास सोडताना, लघवी अडवल्यासारखा तो भाग हलकेच वर ओढायचा, तीन-चार सेकंद, आणि मग पूर्ण सोडायचा. ते सोडणंही तेवढंच महत्त्वाचं. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नये. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

पाळीचे दिवस. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं आणि त्या मुलीचं म्हणणं, दोन्हींच्या मधून वाट आहे. पाळीत आसनं केल्यानं अपाय होतो असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. पण पहिले दोन-तीन दिवस उलटी आसनं, कपालभाती, पोटावर दाब येणारं काहीही मी करू देत नाही. ही आमच्या परंपरेची शिस्त आहे आणि बावीस वर्षांत मला ती बायकांच्या हिताचीच दिसली आहे. मग करायचं काय? लोड उभा घालून त्यावर पाठ टेका, डोक्याखाली घडीची चादर. तळपाय एकमेकांना लावून गुडघे दोन्हीकडे सोडा, मांड्यांखाली उशा घ्या. हे सुप्त बद्धकोणासन. दहा मिनिटं. मग मांडी घालून खुर्चीसमोर बसा आणि घडी केलेल्या हातांवर कपाळ ठेवून पुढे टेका. पाच मिनिटं. ओटीपोट मऊ होत जातं, कंबरेचा ठणका उतरतो. माझ्याकडे येणारी एक हायस्कूलची शिक्षिका दर महिन्याला पहिल्या दिवशी रजा टाकायची. या दोन आसनांनी तिची रजा थांबली. सगळ्यांचीच थांबेल असं मी म्हणत नाही.

आणि हो, या बैठकीचाही ठिपका द्यायचा. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी अभ्यास पक्का होण्यासाठी तीन अटी सांगितल्या, दीर्घकाळ, नैरंतर्य (खंड न पडणं) आणि सत्कार (म्हणजे आदर). नैरंतर्याचा अर्थ मी असा घेते की धागा तुटू द्यायचा नाही. पडून केलेल्या पंधरा मिनिटांतही धागा हातात राहतो. तुमचे चाराचे पंधरा होत होते, कारण त्या चार दिवसांसाठी तुमच्याकडे काही नव्हतंच.

प्राणायाम पंचाहत्तर बैठकांनंतर. पतंजलींनीही आसन साधल्यावरच प्राणायाम सांगितला आहे. आधी आडवं पडून नुसता लांब श्वास, नंतर अनुलोम-विलोम, श्वास न कोंडता. रक्तदाब असेल तर तो आधी मोजून घ्या. आणि थायरॉइड निघालाच तर सर्वांगासनानं गोळी सुटते असं कोणी सांगितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही.

शीर्षासन. ही इच्छा सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. शाळेपासून जपलेली इच्छा आहे, ती मला आवडली. पण ते मोबाइलवरून शिकायचं आसन नव्हे. मानेच्या मणक्यांवर अंगाचा भार येतो. तो भार खरं तर खांद्यांनी आणि हातांनी उचलायचा असतो, आणि ते खांदे तयार व्हायला वेळ लागतो. रक्तदाब, काचबिंदू, मानेचं दुखणं, विरळ हाडं, यांतलं काही असेल तर ते करायचं नाही. नसेल तर तिसऱ्या टप्प्यात अधोमुख श्वानासन, मग भिंतीला पाय लावून विपरीत करणी, मग खुर्चीवरचं सर्वांगासन, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कुणाच्या तरी देखरेखीखाली शीर्षासनाची तयारी. तोवर प्रत्यक्ष शिकवणारं माणूस शोधा. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासून आहे, पुण्यातली अय्यंगारांची संस्था १९७५ पासून. अशा ठिकाणी रीतसर शिकलेल्या शिक्षिका आता गावोगावी आहेत. पहिल्या दिवशी तुमचं दुखणं-खुपणं न विचारता थेट आसन करायला लावणाऱ्या वर्गातून उठून या.

मिस्टरांना एक काम द्या. ते जे म्हणाले ते तुमच्या मनाला लागलं आहे, ते पत्रावरून कळतं. संध्याकाळी साडेसहा ते सात तुम्हाला कोणी हाक मारणार नाही एवढं त्यांनी सांभाळावं. कुकर त्यांनी लावावा. ही मदत म्हणून मागू नका, घरातल्या वेळापत्रकातली एक ओळ म्हणून सांगा.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की ताडासनापासून सुरू करा. २४ ठिपके झाले की मला पुन्हा लिहा. त्या पत्रात तीन गोष्टी हव्यात: हिमोग्लोबिनचा आकडा, उजव्या मनगटाची हकिकत आणि कुठल्या पायाची चपल बाहेरून जास्त झिजली आहे ते. दुसऱ्या टप्प्यात तुमचं वीरभद्रासन कुठल्या बाजूनं सुरू करायचं हे मी त्यावरून सांगेन.

तुमची,
ताई